रिकामा परतीचा फेरा: जिंजातल्या बोडा सेवेच्या प्रकल्प नोंदी

5 फेब्रुवारी 2024, जिंजा (युगांडा)

आजपासून कामाच्या नोंदी मराठीत ठेवतोय. बोडा म्हणजे इथली भाड्याने प्रवासी नेणारी मोटरसायकल; प्रवासी आणि बोडाचालक जुळवून देणारी सेवा आम्ही उभी करतोय. आपल्याकडे तालुक्याच्या गावी अशी सेवा उभी करू पाहणाऱ्या कुणाला यातलं काही उपयोगी पडलं तर बरंच. नोंदीत कुणाचं नाव येणार नाही, कारण पुढे चालकांच्या कर्जाचे आणि घरखर्चाचे आकडे येतील. जिचा हा धंदा आहे तिला 'संस्थापक' म्हणेन आणि चालकांना त्यांच्या अड्ड्याच्या नावाने ओळखेन. अड्ड्याला इथे सगळे 'स्टेज'च म्हणतात.

संस्थापक 26 वर्षांची. कामगारांसाठी बांधलेल्या वालुकुबा वसाहतीत वाढली, कंपालाच्या माकेरेरे विद्यापीठात संगणक शिकली आणि परत आली. वडील आधी सायकलीवर आणि नंतर मोटरसायकलवर बोडा चालवायचे, भाऊ अजून चालवतो. मी वाळवा तालुक्यातला. साखर कारखान्याच्या शेती विभागात ऊसनोंद, वजनकाटा आणि शेतकऱ्याचं बिल यांची संगणकप्रणाली सांभाळायचो, त्याच कामासाठी बुसोगाच्या (जिंजाच्या आसपासचा प्रदेश) ऊसपट्ट्यात आलो. करार संपल्यावर हिच्या कामासाठी थांबलो.

कंपालात 2014 पासून सेफबोडा ही ॲपवरून बोडा मिळवून देणारी सेवा आहे. तिच्या संस्थापकांपैकी रिकी रापा थॉमसन हे स्वतः बोडाचालक होते. उबर आणि टॅक्सिफाय (आताचं बोल्ट) 2018 मध्ये तिथे मोटरसायकलींवर उतरले. जिंजा तिथून पूर्वेला 80 किलोमीटर. इथे बहुतेक भाडी 1,000 ते 2,000 शिलिंगांची, अंतरं छोटी, आणि गिऱ्हाईक चालकाला चेहऱ्याने ओळखतं. मग मध्ये तिसऱ्याचं काय काम? या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत ॲपची एक ओळही लिहायची नाही, असं तिने आज ठरवून टाकलं. मला ते पटलं.

12 फेब्रुवारी

आठवडाभर चालकांचा दिवसाचा हिशेब लिहून घेतला. भाऊ बरोबर असल्यामुळे लोक मोकळं बोलले. मेन स्ट्रीटच्या स्टेजवरच्या एका चालकाचा दिवस, त्याने सांगितला तसा:

दिवसाची कमाई 35,000 शिलिंग (रुपयाला साधारण 45 शिलिंग धरा). गाडी स्वतःची नाही, मालकाला रोज 10,000. पेट्रोल लिटरला पाच हजारांच्या वर, ते रोज दोन लिटरच्या आसपास लागतं. दुपारचं पोशो-बीन्स (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि घेवडा), सकाळचा चहा-चपाती मिळून 5,000. स्टेजच्या बचत पेटीत 1,000. फोनला थोडे. उरतात आठेक हजार. त्यात ऑईल, चेन-स्प्रॉकेट, टायर, पोलिसांनी अडवलं तर तो दिवस, आणि घर.

ज्यांनी गाडी हप्त्यावर घेतली आहे त्यांचा दिवस याहून ताणलेला, पण शेवटी गाडी त्यांची होणार असते. गाड्या बहुतेक बजाज बॉक्सर. एकाने मला चेसिसवरचा 'मेड इन इंडिया' दाखवून विचारलं की हे तुझ्या गावापासून किती लांब. मी वाळूजचा कारखाना सांगितला, रात्रभराचा प्रवास. त्याला ते फार जवळ वाटलं.

आजचा खरा शोध वेगळाच. पेट्रोलचा खर्च त्यांच्या भाड्यांच्या अंतराशी जुळेना. दोन-तीन जणांकडून दिवसातली प्रत्येक खेप क्रमाने सांगून घेतली, तेव्हा उलगडलं: बाजारातून वालुकुबाला सोडलं की चालक रिकामा परत येतो. वालुकुबात रस्त्याकडेला गिऱ्हाईक उभं असलं तरी घेत नाही, कारण ते तिथल्या स्टेजचं. दुसऱ्याच्या हद्दीत भाडं उचललं तर भांडण होतं, कधी गाडीची किल्ली काढून घेतात. म्हणजे जवळपास निम्मं पेट्रोल रिकाम्या परतीवर जळतं.

संस्थापक बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होती. मग म्हणाली, "आपला धंदा हाच. परतीचं भाडं."

19 फेब्रुवारी

कंपनी नोंदणी, कर क्रमांक, शहराचा व्यापार परवाना यांचे अर्ज. युगांडात 2019 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, त्याखालीही नोंदणी करावी लागते. ती आधीच करून घेतोय, कारण लोकांच्या घरांची ठिकाणं आपल्याकडे साठणार आहेत. कागदपत्रांबद्दल एवढं पुरे.

4 मार्च

अँबर कोर्टजवळच्या स्टेजवर पहिली रीतसर बैठक. सकाळी सहाला, कारण सातनंतर कुणी थांबत नाही.

स्टेजला चेअरमन असतो, खजिनदार असतो, सदस्यांची वही असते. नव्या चालकाला प्रवेश-रक्कम भरून आणि दोन जुन्या सदस्यांचा जामीन देऊनच आत येता येतं. कुणी मेलं तर वर्गणी निघते, कुणी प्रवाशाला लुबाडलं तर त्याला काढून टाकतात. बाहेरून पाहणाऱ्याला झाडाखाली उभ्या मोटरसायकली दिसतात. प्रत्यक्षात ती चालती संस्था आहे. कंपालात बऱ्याच सेवांनी चालकाला एकेकटं गाठलं आणि स्टेजला वळसा घातला. इथे तसं करणार नाही, ही संस्थापकाची पहिल्या दिवसापासूनची अट आहे. कारणही सरळ आहे: वडील आजारी पडले तेव्हा तिची शाळेची फी स्टेजने भरली होती.

मी मागे, भिंतीजवळ बसलो. मुयिंदी (इथे भारतीयाला हाच शब्द) पुढे बसला की पैसा त्याचाच आहे असं सगळे धरून चालतात. मेन स्ट्रीटच्या जुन्या इमारतींवर गुजराती घराण्यांची नावं आणि बांधकामाची सालं अजून दिसतात. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाईंना 90 दिवसांत देश सोडायला लावला, पुढे काही परत आले, आणि मोठे कारखाने-दुकानं आजही बऱ्याच अंशी त्यांच्याकडे आहेत. चालकांच्या मनात हा इतिहास आहे आणि तो असणं रास्त आहे. चेअरमनने विचारलंच, "पैसा कुणाचा?" तिने वही उघडून दाखवली: तिची बचत, भावाची, आईच्या बचतगटाचं कर्ज. माझं फक्त काम.

मग तिने प्रस्ताव मांडला. तुमच्या हद्दीतला फोन आला तर पहिला हक्क तुमच्या स्टेजचा. तुमच्यापैकी कुणी मोकळं नसेल, तरच दुसऱ्या स्टेजचा परतीला निघालेला चालक ते भाडं घेईल, आणि तेही भाडं त्याच्या घरच्या, म्हणजे त्याच्या स्टेजच्या, दिशेचं असेल तरच. तीच मुभा त्यांच्या हद्दीत तुम्हाला.

चर्चा लुसोगा या इथल्या भाषेतून झाली, मला भावाने कानात सांगितली. एका म्हाताऱ्या चालकाचा आक्षेप सगळ्यांत महत्त्वाचा होता: "घरची दिशा कोण ठरवणार? तुमची मशीन?" उत्तर: आधी दिशा तुम्हीच आखून द्यायची. पुढच्या वेळी मोठा नकाशा छापून न्यायचा आहे.

18 मार्च

नकाशा. जिंजाचा मध्यभाग चौकटीत आखलेला, रस्ते सरळ, तिथे अडचण नाही. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर बरंचसं आहे. अडचण वालुकुबा, मासेसे, म्पुमुड्डे इथे, कारण लोक रस्त्याचं नाव सांगत नाहीत. 'जुन्या पाण्याच्या टाकीखाली', 'पिवळ्या चर्चच्या मागे', 'मासे वाळवतात तिथून वर'.

छापलेला नकाशा स्टेजवर जमिनीवर पसरला आणि चालकांना खुणा लिहायला सांगितलं. म्पुमुड्डेच्या चालकांनी अशा वाटा दाखवल्या ज्या उपग्रहचित्रातही झाडांखाली झाकल्या जातात. कुठली वाट पावसात बंद होते, कुठे रात्री जायचं नाही, कुठल्या चढावर मागे दोन माणसं असली तर गाडी ओढत नाही, हे सगळं त्यावर आलं. सार्वजनिक खुणा आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर परत घालतोय, कारण त्या गावाच्या आहेत. रात्री टाळायच्या जागा मात्र आमच्याचकडे ठेवल्या; त्या वस्तीत राहणाऱ्यांची बदनामी नको.

स्टेजच्या हद्दीही त्याच नकाशावर आखल्या गेल्या. दोन स्टेजमधला एक वाद तिथल्या तिथे मिटला, एक तसाच राहिला. राहिलेल्या पट्ट्यात दोघांना आळीपाळीने भाडं द्यायचं, असा तात्पुरता नियम लिहिला.

2 एप्रिल

ॲप की फोन, यावर आज दिवस गेला.

बाजारातल्या भाजीवाल्या आणि मासळीवाल्या बायकांकडे साधे फोन. चालकांकडे बहुतेक टेक्नो किंवा आयटेलचे स्वस्त स्मार्टफोन, थोडी मेमरी, थकलेली बॅटरी. इंटरनेट डेटावर 2021 पासून 12 टक्के कर आहे आणि तो प्रत्येक पॅकमध्ये जाणवतो. शिवाय 13 जानेवारी 2021 ची संध्याकाळ इथे कुणी विसरलेलं नाही: दुसऱ्या दिवशी निवडणूक होती आणि देशभराचं इंटरनेट जवळपास पाच दिवस बंद राहिलं. पुढची निवडणूक 2026 च्या सुरुवातीला आहे.

संस्थापकाने इथिओपियाचं उदाहरण काढलं. अदिस अबाबात सामरावित फिक्रू या तरुण संगणक अभियंतीने 'राईड' सुरू केली ती एसएमएसच्या आधारे. पुढे ॲप आलं, पण 8294 या क्रमांकावर फोन करून गाडी मागवायची सोयही राहिली. टॅक्सीसाठी होणारी घासाघीस आणि रात्री उशिरा घरी जाताना वाटणारी भीती या स्वतःच्या अनुभवातून तिने ते काम हाती घेतलं होतं. आमची संस्थापक तिला कधी भेटलेली नाही, पण तिच्याविषयी बोलताना हिचा आवाज बदलतो. आफ्रिकेत तंत्रज्ञानाचा धंदा काढणाऱ्या मुलीला पुढे चालणारं कुणी दिसणं किती मोलाचं असतं, ते मला हिच्याकडे बघून कळतं.

ठरलं ते असं. गिऱ्हाईकाने फोन करायचा किंवा नुसता मिस्ड कॉल द्यायचा, आम्ही उलट फोन करणार. फोन घेणाऱ्या दोन मुली लुसोगा, लुगांडा, स्वाहिली आणि इंग्रजी बोलतात. चालकाला काम एसएमएसने जाईल. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्याला हलकं ॲप. जागा सतत पाठवायची नाही, चालक 'सोडलं' असं दाबेल तेव्हाच जाईल. बॅटरी वाचते, आणि परतीचं भाडं जुळवायला तो एकच क्षण लागतो.

15 एप्रिल

पाऊस जोरात. पावसात भाडं दुप्पट मागायची इथली रीत, आणि ठरलेल्या भाड्याला चालकांचा विरोध मुख्यतः त्याचमुळे. नियम केला: पावसात 500 शिलिंग जास्त, आणि हे फोन घेतानाच गिऱ्हाईकाला सांगायचं. दोन्ही बाजूंनी मान्य.

आज वीज दिवसभर नव्हती. नाईलवरचा 1954 चा नालुबाले बंधारा इथून दिसतो म्हटलं तरी चालेल, आणि फोनकेंद्र मात्र इन्व्हर्टरवर. मोठी बॅटरी घ्यावी लागणार.

6 मे

सेवा सुरू. पाच स्टेज, दिवसाला शंभरच्या आत फोन.

शाळांना सुट्टी लागली आहे, त्यामुळे मुलांची ने-आण नाही. वाटलं होतं त्याहून फोन कमी, पण कुणाचे येतात ते महत्त्वाचं आहे: बहुतेक बाजारातल्या बायका. पहाटे मासेसेच्या धक्क्यावरून मासळी, संध्याकाळी उरलेला माल घरी. त्यांना भाड्याचा ठरलेला आकडा हवा होता. तो आधी कळला तर मालाचा भाव त्याप्रमाणे लावता येतो, असं त्यातल्या एकीने मला समजावलं.

नाईलच्या उगमापाशी रोज पर्यटक येतात. 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित झाला होता. तिथला पुतळा 1997 मध्ये पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांच्या हस्ते उभा राहिला. एका हितचिंतकाने सुचवलं की परदेशी पाहुण्यांसाठी वेगळे, चढे दर लावा, पैसा तिथेच आहे. संस्थापकाने नकार दिला. दर एकच राहील. पर्यटक हंगामात येतात, मासळीवाली रोज फोन करते.

प्रत्येक खेप संपली की चालकाला लगेच एसएमएस जातो: कुठून कुठे, भाडं किती, आज आम्हाला किती द्यायचं. कारखान्यात वजनकाट्यावर उसाची पावती त्याच क्षणी हातात पडली तरच शेतकरी वजनावर विश्वास ठेवायचा, तसंच हे.

10 जून

आमचा वाटा किती, यावरची चर्चा अखेर संपली. कंपालातल्या सेवा भाड्यावर टक्केवारी घेतात. इथे 1,000 शिलिंगांच्या भाड्यावर टक्केवारी म्हणजे चालकाला प्रत्येक खेपेला काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटतं, आणि मग तो गिऱ्हाईकाला म्हणतो, पुढच्या वेळी थेट मलाच फोन कर. ते साहजिक आहे.

म्हणून रोजचे सपाट 1,000 शिलिंग, आणि तेही त्या दिवशी आमच्याकडून निदान तीन भाडी मिळाली तरच. त्यात एक परतीचं असेल तर, जे पेट्रोल एरवी रिकामं जळलं असतं त्यावरच चालकाला तेवढे मिळालेले असतात. ही आकडेमोड प्रत्येक स्टेजवर त्यांच्याच हिशेबाच्या कागदावर करून दाखवली.

वसुली मोबाईल मनीवर, पण आठवड्यातून एकदाच. पैसे काढताना 0.5 टक्के सरकारी कर लागतो, त्यावर कंपनीचं शुल्क. म्हणून चालक खात्यात पैसे ठेवायला नाखूश असतात आणि प्रवासी रोख देतात. रोखीला आम्ही विरोध करणार नाही.

27 मेपासून शाळा पुन्हा सुरू झाल्या आणि फोन वाढले. मुलांना नेणारा चालक आईबापांनी निवडायचा आणि तोच रोज जाणार, हा नियम आधीपासून होता. एका गाडीवर तीन मुलं बसवण्याची इथली सवय आम्ही आमच्या भाड्यांत बंद केली. काही पालकांनी त्यामुळे आमची सेवा सोडली.

22 जुलै

म्पुमुड्डे स्टेजच्या एका चालकाला काल संध्याकाळी बुगेंबेजवळ महामार्गावर अपघात झाला. हा रस्ता केनियाच्या सीमेकडे जातो, मोंबासा बंदराचे ट्रक रात्रंदिवस चालू. दिवे न लावता कडेला उभा असलेला ट्रक अंधारात दिसला नाही. मागे प्रवासी नव्हता. हेल्मेटला मोठी खोक पडली आहे, डोकं शाबूत. पायाचं हाड दोन जागी मोडलंय.

रात्री स्टेजचे सगळे सरकारी रुग्णालयात होते. कुणी प्लास्टरचं सामान आणायला धावला, कुणी त्याच्या बायकोला घेऊन आला, दोघांनी गाडी उचलून पोलीस चौकीत नोंदवली. संस्थापक रात्रभर तिथेच. सकाळी मी गेलो तेव्हा तो माझ्याशी पायाबद्दल बोललाच नाही. हप्त्याबद्दल बोलला. आठवड्याला 80,000 शिलिंग, गाडी चेपलेली, आणि निदान तीन महिने काम नाही. हप्ते थकले की गाडी जाणार आणि भरलेले पैसेही गेल्यातच जमा. त्याने आतापर्यंत निम्म्याहून जास्त रक्कम फेडली होती.

तो आमचंच परतीचं भाडं घ्यायला निघाला होता. आमच्या फोनवर तो त्या रस्त्याला गेला, तेव्हा त्याची जबाबदारी आमच्यावर येते, मग कायद्यात काहीही लिहिलेलं असो. संस्थापकाचंही तेच मत, आणि तिने ते मी बोलायच्या आधीच चेअरमनला सांगितलं होतं.

5 ऑगस्ट

अपघात निधी सुरू. रोजच्या 1,000 मधले 300 त्यात जाणार. पैसा कंपनीच्या खात्यात राहणार नाही. स्टेजच्या खजिनदारांचं संयुक्त खातं, सही तिघांची, हिशेब दर महिन्याला वाचून दाखवायचा. निधीतून उपचार नव्हे, गाडीचा हप्ता भरायचा. उपचाराला स्टेज वर्गणी काढतंच. गाडी गेली तर माणूस बरा होऊनही बेकार होतो.

म्पुमुड्डेच्या चालकासाठी निधीत अजून पैसे नव्हते. संस्थापकाने कर्ज देणाऱ्यांशी बोलून दोन महिन्यांची सवलत मिळवली, त्यापुढच्या हप्त्यांची जबाबदारी कंपनीने घेतली. आमच्या हातातली शिल्लक त्यामुळे फारच कमी झाली आहे. बॅटरीची खरेदी पुढे ढकलली.

एक नियमही बदलला: अंधार पडल्यावर बुगेंबेकडचं परतीचं भाडं कुणालाही पाठवायचं नाही, मागितलं तरी. त्या पट्ट्यात दिवसाच.

16 सप्टेंबर

कंपालाहून एक गुंतवणूकदार येऊन गेले. त्यांना चौकशी इतकीच: एका वर्षात किती शहरं? म्बाले, म्बरारा, गुलू अशी नावं घेतली. रक्कम चांगली होती. बदल्यात पहिले सहा महिने गिऱ्हाईकांना सवलतीचं भाडं, आणि स्टेजऐवजी थेट चालकांची भरती.

सवलतीच्या शर्यतीत काय होतं ते या भागात सगळ्यांनी पाहिलं आहे. सेफबोडासारख्या भक्कम सेवेलाही 2018 मध्ये नैरोबीत उतरून 2020 मध्ये बाहेर पडावं लागलं. करोनाचं वर्ष होतं, पण पुढच्या वर्षी गूगलने त्याच कंपनीत पैसे घातले, म्हणजे कंपनीत दम नव्हता असं मुळीच नाही. आमची शिल्लक महिनाभर पुरेल इतकी. तरीही संस्थापकाने स्टेजची अट सोडली नाही आणि बोलणी तिथेच थांबली. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर पैसे घेतले असते, आणि मी त्याला दोष दिला नसता.

आज शाळांचं तिसरं सत्र सुरू झालं. सकाळचे फोन दोघी मुलींना आवरेनात, भाऊही फोनवर बसला.

7 ऑक्टोबर

बुगेंबेच्या स्टेजचे चेअरमन आणि खजिनदार स्वतःहून ऑफिसात आले. आतापर्यंत हे स्टेज बाहेर होतं. लेखी तीन मागण्या: अपघात निधीत पहिल्या दिवसापासून पूर्ण हक्क, त्यांच्या हद्दीतल्या फोनवर पहिला हक्क, आणि महामार्गावर अंधारानंतर त्यांच्या चालकांना काम, कारण त्यांची निम्मी कमाई रात्रीची आहे.

पहिली मान्य, पण प्रवेशाच्या वेळी तीन महिन्यांची वर्गणी स्टेजने एकत्र भरायची. दुसरी तर आमचाच नियम. तिसरीवर तिने लगेच उत्तर दिलं नाही. बुगेंबेत महामार्गाला समांतर कच्चे रस्ते आहेत. तेवढ्यांवरून रात्रीची भाडी देता येतील का, ते पाहायचं. चेअरमन म्हणाले, वाटा आम्ही दाखवतो.

शनिवारी सकाळी सहाला त्यांच्या स्टेजवर जमायचं. सोबत घ्यायचं: मोठा छापील नकाशा, मार्कर, परावर्तक पट्ट्यांची जाकिटं, निधीचा सप्टेंबरचा हिशेब. म्पुमुड्डेचा चालक कुबडी घेऊन येणार आहे. रात्रीच्या वाटा ठरवताना तो हवा, असं चेअरमननीच सांगितलं.